फ्लोरेन्सचं कॅथेड्रल आणि बाप्तिस्मागृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरेन्सला निघालेले, तिथून नुकतेच परतलेले आणि घरबसल्या इटलीबद्दल वाचणारे, अशा सगळ्यांकडून या दोन इमारतींविषयी तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना घुमटाबद्दल विचारायचं असतं, समोरच्या ठेंगण्या अष्टकोनी इमारतीबद्दल फार थोडे विचारतात. पण कॅथेड्रल समजून घ्यायचं तर सुरुवात त्या ठेंगण्या इमारतीपासूनच करावी लागते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच लावला आहे. एखाद्या मुद्द्यावर दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दुओमो, कॅथेड्रल आणि सान्ता मारिया देल फ्योरे ही तीन वेगळी चर्च आहेत का?

नाही, तिन्ही एकच. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. इटलीत शहराच्या मुख्य चर्चला दुओमो म्हणतात आणि फ्लोरेन्सच्या दुओमोचं नाव सान्ता मारिया देल फ्योरे. मिलान, पिसा, सिएना इथेही दुओमो आहेत, तेव्हा तिकीट काढताना शहराचं नाव नीट पाहून घ्या. बाप्तिस्मागृह, म्हणजे बॅप्टिस्टरी, ही मात्र स्वतंत्र इमारत आहे. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात प्रवेश देण्याचा विधी, तो इथे होई. कॅथेड्रलच्या मुख्य दारासमोर काही पावलांवर ती उभी आहे आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या, म्हणजे सान जोव्हान्नीच्या नावाने ओळखली जाते. तोच या शहराचा पालक संत. २४ जूनला त्याचा सण असतो.

२. बाप्तिस्म्यासाठी वेगळी इमारत कशाला? चर्चमध्ये होत नाही का?

आता सहसा चर्चमध्येच होतो. सुरुवातीच्या काळात मात्र बाप्तिस्मा झाल्याशिवाय माणूस ख्रिस्ती मंडळीत पूर्णपणे सामील होत नसे, म्हणून पाण्याची जागा चर्चच्या दाराबाहेर असायची. शिवाय हा विधी वर्षातल्या ठरावीक सणांना सामुदायिक रीतीने व्हायचा. त्यामुळे मोठा हौद लागायचा आणि गर्दी मावेल एवढी जागाही.

फ्लोरेन्समध्ये शहरात जन्मलेली मुलं शतकानुशतकं याच एका ठिकाणी आणली जात. कवी दान्तेचा बाप्तिस्माही इथलाच. १४व्या शतकातला बखरकार जोव्हान्नी विल्लानी याने यातली एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पुरोहित प्रत्येक मुलामागे एक काळा घेवडा आणि प्रत्येक मुलीमागे एक पांढरा घेवडा बाजूला टाकायचा, आणि त्यावरून वर्षाची मोजदाद व्हायची. विल्लानीच्या म्हणण्याप्रमाणे हा आकडा साडेपाच ते सहा हजारांच्या घरात असे. जन्मनोंदणीचं कार्यालय नसलेल्या काळात शहराची खानेसुमारी अशी या इमारतीत होत होती.

३. वेळ कमी आहे. आधी काय पाहू?

बाप्तिस्मागृह. घुमटाच्या रांगेत उभं राहण्याआधी इथे अर्धा तास द्या. पांढऱ्या-हिरव्या संगमरवराची नक्षी, आठ बाजूंचा आकार, निमुळता होत जाणारा आठ पाकळ्यांचा घुमट, हे सगळं या इमारतीत आधी आलं आणि मग समोर अवाढव्य आकारात पुन्हा उभं राहिलं. हे एकदा डोळ्यांत बसलं की कॅथेड्रलकडे पाहण्याची नजरच बदलते.

४. ही इमारत मुळात रोमन देवळाची होती असं गाइड सांगतात. खरं का?

मध्ययुगातल्या फ्लोरेन्सकरांचा तसा विश्वास होता. युद्धदेव मार्सचं देऊळ पुढे चर्च झालं, असं ते अभिमानाने सांगत. जमिनीखाली रोमन काळातल्या बांधकामाचे अवशेष सापडले आहेत आणि आतले काही खांब जुन्या इमारतींमधून आणलेले आहेत, पण आज उभी असलेली इमारत रोमन देऊळ नाही. ६ नोव्हेंबर १०५९ रोजी पोप निकोलस दुसरे यांनी तिचं पवित्रीकरण केलं, आणि संगमरवरी आवरणाचं व सजावटीचं काम पुढेही बराच काळ चाललं. समज चुकीचा असला तरी त्याचा परिणाम मोठा झाला. आपल्यासमोर अस्सल प्राचीन वास्तू आहे असं मानूनच पुढच्या वास्तुकारांनी तिचा अभ्यास केला.

५. अष्टकोनच का?

सात दिवसांत सृष्टी आणि विश्रांती झाली, आठवा दिवस नव्या जन्माचा, पुनरुत्थानाचा, अशी ख्रिस्ती परंपरेतली धारणा आहे. बाप्तिस्मा म्हणजे नवा जन्म, म्हणून आठ बाजू. इटलीत इतरत्रही, उदाहरणार्थ पार्मामध्ये, अष्टकोनी बाप्तिस्मागृहं आहेत. नियम मात्र पक्का नाही, पिसाचं बाप्तिस्मागृह गोल आहे.

६. आत गेल्यावर काय पाहायचं? आणि तो मोठा हौद कुठे आहे?

आधी मान वर करा. सोनेरी पार्श्वभूमीवरच्या मोझेइकने, म्हणजे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रांनी, संपूर्ण छत भरलं आहे. हे काम १३व्या शतकात सुरू झालं. अंतिम न्यायाच्या दृश्यातला ख्रिस्त सुमारे ८ मीटर उंच आहे आणि त्याच्या उजव्या-डाव्या हातांचे तळवे वेगवेगळ्या दिशांना वळलेले आहेत. एक हात वाचलेल्यांना बोलावतो, दुसरा दोषींना दूर लोटतो. दोषींच्या बाजूला माणसं गिळणारा शिंगवाला सैतान आहे, त्याच्या कानांतूनही साप निघालेत. लहानपणी असलं काही पाहिलेला मुलगा ते आयुष्यभर विसरणार नाही, आणि दान्ते लहानाचा मोठा याच शहरात झाला.

२०२३ पासून या मोझेइकचं जतनकाम सुरू आहे. त्यासाठी आत मोठी परांची उभारली आहे, त्यामुळे छत किती दिसेल ते निघण्याआधी पाहून घ्या.

फरशीही चुकवू नका. तिच्यावर राशिचक्र आणि कापडावरच्या विणकामासारखी नक्षी आहे. मधोमध जो साधा, नक्षी नसलेला भाग दिसतो तिथे जुना हौद होता. मेदिची घराण्यातल्या एका राजपुत्राच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, १५७७च्या सुमारास, तो काढून टाकण्यात आला.

७. दारांची ती प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे नेमकं काय झालं?

पहिलं ब्राँझचं दार आंद्रेआ पिसानोने १३३०च्या दशकात केलं. त्यावर २८ फलक आहेत. दुसऱ्या दारासाठी कालिमाला या कापड व्यापाऱ्यांच्या संघाने १४०१ मध्ये स्पर्धा जाहीर केली, कारण बाप्तिस्मागृहाची जबाबदारी या संघाकडे होती. विषय एकच होता, अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो तो क्षण. प्रत्येकाने एक फलक करून दाखवायचा होता.

शेवटी चर्चा दोघांवर येऊन थांबली. लोरेन्झो गिबेर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की, दोघेही सोनारकाम शिकलेले आणि दोघेही पंचविशीच्या आत. त्यांचे फलक आज बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावले आहेत. माझ्या मते फ्लोरेन्समधली सगळ्यात शिकवणारी भिंत तीच. ब्रुनेलेस्कीच्या फलकात बापाने मुलाचा गळा धरला आहे आणि देवदूताने बापाचं मनगट पकडलं आहे. पाहताना धस्स होतं. गिबेर्तीचा इसहाक शांत आहे, त्याचं उघडं शरीर एखाद्या ग्रीक मूर्तीसारखं घडवलं आहे. ओतकामातही फरक आहे. गिबेर्तीने जवळजवळ सगळा फलक एकसंध ओतला, ब्रुनेलेस्कीने आकृत्या वेगळ्या ओतून पाठीवर जोडल्या. त्यामुळे गिबेर्तीच्या फलकाला सुमारे ७ किलो धातू कमी लागला. पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट नक्कीच दिसली असणार.

काम गिबेर्तीला मिळालं. ते दार १४०३ ते १४२४ चाललं. लगेच तिसऱ्याचं कामही त्यालाच दिलं गेलं आणि ते १४२५ ते १४५२ चाललं. उमेदीची सगळी वर्षं दोन दारांत गेली. तिसऱ्या दारावर २८ ऐवजी १० मोठे, सोन्याचा मुलामा दिलेले चौकोनी फलक आहेत. पुढच्या आकृत्या फलकातून जवळजवळ बाहेर येतात आणि मागची झाडं, इमारती धातूवर नुसत्या ओरखड्यासारख्या उतरतात. 'स्वर्गाचं दार' हे नाव मायकेलअँजेलोने दिलं असं सांगतात. चौकटीवर छोट्या गोल खिडक्यांमधून डोकी बाहेर आली आहेत. त्यातलं एक टक्कल पडलेलं, भुवया किंचित उंचावलेलं डोकं खुद्द गिबेर्तीचं आहे.

८. आज तिथे दिसणारी दारं मूळचीच आहेत का?

नाहीत, तिन्ही प्रतिकृती आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात आर्नो नदीचं पाणी, चिखल आणि तेल या चौकात घुसलं आणि स्वर्गाच्या दाराचे काही फलक निखळले. त्यानंतरची दुरुस्ती कित्येक वर्षं चालली. हे दार २०१२ पासून कॅथेड्रलच्या मागच्या बाजूच्या ओपेरा देल दुओमो संग्रहालयात काचेआड आहे, आणि नंतर बाकीची दोनही तिथे आली. संग्रहालय चुकवलंत तर दारं पाहिलीच नाहीत असं समजा.

९. कॅथेड्रल बांधायला इतकी वर्षं का लागली?

पायाभरणी १२९६ ची, पवित्रीकरण २५ मार्च १४३६ चं. मधल्या १४० वर्षांत पहिला वास्तुकार आर्नोल्फो दि काम्ब्यो वारला, काम रेंगाळलं, १३४८ च्या प्लेगने शहर ओस पाडलं. त्यात शहराने आराखडा मोठा करत नेला. १३६७ मध्ये घुमटाचा अंतिम आकार ठरला आणि पुढच्या प्रत्येक वास्तुकाराने त्याला बांधील राहायचं असंही ठरलं. इथेच अडचण झाली. आकार ठरला तेव्हा तो बांधायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी भिंती चढत राहिल्या.

हे चर्च रिकाम्या जागेवर उभं राहिलेलं नाही. इथे आधी सान्ता रेपाराता नावाचं जुनं चर्च होतं. त्याचे अवशेष फरशीखाली पाहता येतात आणि १९७२ मध्ये ब्रुनेलेस्कीची कबरही तिथेच सापडली.

१०. घुमट सेंट्रिंगशिवाय बांधला म्हणतात. ते कसं शक्य आहे?

कमान किंवा घुमट बांधताना खाली लाकडी सेंट्रिंग लावतात, चुना घट्ट झाला की ते काढतात. इथे घुमटाची सुरुवातच जमिनीपासून ५० मीटरहून उंच आणि पोकळी ४२ मीटर रुंद. एवढ्या सेंट्रिंगला पुरेल असं लाकूड मिळवणं आणि ते त्या उंचीवर तोलून धरणं जवळजवळ अशक्य होतं. १४१८ मध्ये २०० फ्लोरिनचं, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचं, बक्षीस जाहीर झालं, आणि दारांच्या स्पर्धेत हरलेला ब्रुनेलेस्की पुढे आला. देखरेखीला सोबत दिला तो गिबेर्तीच! १४२० मध्ये काम सुरू झालं आणि १४३६ मध्ये माथ्यापर्यंत पोहोचलं.

युक्ती एकच नाही, अनेक आहेत. पहिली म्हणजे घुमट दुहेरी आहे. आतलं कवच जाड, बाहेरचं पातळ, मध्ये माणूस चालेल एवढी पोकळी. आज वर जायच्या पायऱ्या याच पोकळीतून जातात. दोन कवचांना ८ मोठ्या आणि १६ लपलेल्या फासळ्या जोडून ठेवतात.

दुसरी विटांच्या मांडणीत आहे. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या आहेत आणि त्यांची तिरकी नागमोडी रांग वर चढत जाते. ओल्या चुन्यावरची आडवी वीट आत घसरायला लागली की दोन बाजूंच्या उभ्या विटा तिला अडवतात. अशी एक पूर्ण फेरी बांधून झाली की प्रत्येक वीट शेजारच्या विटेला रेटते आणि कडं स्वतःचा भार स्वतः पेलतं. घुमट अष्टकोनी असला तरी भिंतीच्या जाडीत एक अखंड वर्तुळ बसतं, म्हणून हे जमलं.

तिसरी युक्ती दगडी साखळ्यांची. घुमट स्वतःच्या वजनाने तळाशी बाहेर फाकू पाहतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तशा भिंतीत पुरलेल्या वालुकाश्माच्या साखळ्या आणि एक लाकडी साखळी त्याला आवळून धरतात. सामान वर न्यायला ब्रुनेलेस्कीने बैलांनी चालणारं यंत्र बनवलं होतं. त्यात दात्यांची अशी सोय होती की बैलांची दिशा न बदलता भार वरही जाई आणि खालीही येई. दर खेपेला बैल सोडून उलटे जुंपायचा वेळ वाचला.

आता पुन्हा बाप्तिस्मागृहाकडे पाहा. तिथला घुमट सुमारे २५ मीटर रुंदीचा, अष्टकोनी, टोकदार आणि बाहेरून छपराने झाकलेला. ब्रुनेलेस्की याच्या सावलीत वाढला. घुमटाचं श्रेय त्याचंच, पण आकाराचा धडा त्याला घराजवळच मिळाला होता.

११. अंडं उभं करून दाखवल्याची गोष्ट खरी आहे का?

ब्रुनेलेस्कीने अंड्याचं टोक आपटून ते उभं केलं आणि मग काम मिळवलं, ही गोष्ट कलावंतांची चरित्रं लिहिणारा चित्रकार वासारी याने शंभराहून जास्त वर्षांनंतर लिहिली. गोष्ट म्हणून छान आहे, पुरावा म्हणून धरू नका.

१२. हा घुमट मोठा की विजापूरचा गोल घुमट?

हा प्रश्न विशेषतः सोलापूर-सांगलीकडचे वाचक विचारतात. गोल घुमटाचा व्यास बाहेरून सुमारे ४४ मीटर आणि आतून सुमारे ३८ मीटर. फ्लोरेन्सचा आतून समोरासमोरच्या बाजूंमध्ये सुमारे ४२ आणि समोरासमोरच्या कोनांमध्ये सुमारे ४५ मीटर. म्हणजे आतलं माप आतल्या मापाशी ताडलं तर फ्लोरेन्स मोठा. बाहेरचं माप एकाचं आणि आतलं दुसऱ्याचं घेतल्यामुळे वाद होतात. रोमचं पँथिऑन ४३.३ मीटरचं आहे, पण ते काँक्रीटचं. विटांच्या बांधकामात फ्लोरेन्सचा घुमट आजही जगात सर्वांत मोठा मानला जातो.

१३. घुमटाला तडे गेले आहेत असं वाचलं. वर जाणं सुरक्षित आहे का?

तडे आहेत, आणि शतकांपूर्वीचे आहेत. ऋतूनुसार ते किंचित उघडतात, किंचित मिटतात. उपकरणांनी त्यांच्यावर सतत नजर ठेवलेली असते आणि लोक रोज वर जातात.

१४. समोरचा नक्षीदार भाग फक्त १८८७ चा आहे. मग तो खोटा म्हणायचा का?

अजिबात नाही. आर्नोल्फोने सुरू केलेला दर्शनी भाग अर्धवट राहिला होता. तो १५८७ मध्ये पाडला गेला आणि पुढची तीनशे वर्षं चर्चचं तोंड उघडंबोडकं राहिलं. एमिलियो दे फाब्रिसच्या आराखड्यानुसार आजचा दर्शनी भाग झाला, मात्र पूर्ण झालेला पाहायला तो हयात नव्हता. कारारा इथला पांढरा, प्रातोचा हिरवा आणि मारेम्माचा लाल संगमरवर त्यात वापरला आहे. तो मला जरा जास्तच भरगच्च वाटतो. पण त्याचे रंग कुठून आले हे पाहायला मागे वळून बाप्तिस्मागृहाकडे पाहिलं की पुरे.

घुमटाच्या तळाशी एकाच बाजूला संगमरवरी सज्जा आहे, बाकीच्या बाजू उघड्या आहेत, हेही अनेकांना खटकतं. बाच्चो द'आन्योलोने तो सुरू केला. मायकेलअँजेलोने त्याला रातकिड्यांचा पिंजरा म्हटलं आणि काम थांबलं, असं सांगितलं जातं.

१५. बाहेरून एवढं श्रीमंत आणि आतून रिकामं का?

बऱ्याच गोष्टी संग्रहालयात गेल्या आहेत (पाहा प्रश्न ८). पण हा रितेपणा मूळ कल्पनेचाही भाग आहे, मोठ्या सभेसाठी बांधलेली जागा आहे ही. २६ एप्रिल १४७८ रोजी भर प्रार्थनेत इथेच मेदिचींच्या विरोधातल्या पाझ्झी घराण्याच्या कटवाल्यांनी जुल्यानो दे मेदिचीचा खून केला. त्याचा भाऊ लोरेन्झो पूजासाहित्याच्या खोलीत शिरला आणि ब्राँझची दारं लावून घेतल्यामुळे वाचला. डाव्या भिंतीवर दान्तेचं १४६५ चं चित्र आहे. त्यातही मागे हा घुमट दिसतो, जो दान्तेने कधी पाहिलाच नव्हता. घुमटाच्या आतलं अंतिम न्यायाचं भित्तिचित्र वासारीने १५७२ मध्ये सुरू केलं आणि त्याच्या मृत्यूनंतर झुक्कारीने १५७९ मध्ये पुरं केलं.

१६. मुख्य दारावरचं आतलं घड्याळ उलटं चालतं. बिघडलंय का?

बरोबर चालतंय. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेल्या या तबकडीवर २४ तास आहेत, काटा एकच आहे आणि तो डावीकडे फिरतो. चोविसावा तास सूर्यास्ताला संपतो. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, इथे दिवस सूर्यास्ताला बदलतो. म्हणजे या घड्याळावरून आपलं वेळापत्रक लावायचं नाही, अंधार पडायला किती तास उरलेत ते वाचायचं. शेतावरच्या आणि वेशीबाहेरच्या माणसाला तेच हवं असायचं.

१७. कोल्हापूरच्या महाराजांची समाधी याच चर्चमध्ये आहे का?

नाही. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ऐन विशीत फ्लोरेन्समध्ये वारले. त्यांच्यावर आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. तिथे, काशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाला, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही त्यांच्यावरूनच 'इंदियानो'चं नाव मिळालं. तेव्हा फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती आणि कॅथेड्रलचं तोंड अजून कोरंच होतं (पाहा प्रश्न १४). मराठी माणसाने तिथपर्यंत जरूर जावं. चौकापासून ते बरंच लांब आहे, तेव्हा वेगळा वेळ काढा.

१८. जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या कबरीचा फ्लोरेन्सशी काय संबंध?

बॉम जेझू बॅसिलिकेत ज्या संगमरवरी चौथऱ्यावर चांदीची पेटी आहे, तो तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याची भेट. फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो गोव्यात बसवला गेला. त्यावरचे ब्राँझचे चार फलक नीट पाहा. उथळ धातूत खोल दृश्य उभं करायची जी हातोटी प्रश्न ७ मध्ये सांगितली, तिचा वारसा तिथे दिसतो.

१९. तिकीट, पायऱ्या, कपडे यांचं काय?

कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, पण रांग असते. रविवारी आणि सणांना प्रार्थनेमुळे वेळा बदलतात. बाप्तिस्मागृह, संग्रहालय, घंटाघर, सान्ता रेपाराता आणि घुमट यांना तिकीट लागतं, आणि घुमटासाठी दिवस आणि वेळ आधीच ठरवावी लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, साडी किंवा सलवार-कमीज उत्तम.

२०. गुडघे दुखतात. घुमटावर लिफ्ट आहे का?

नाही. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, वाट अरुंद आहे आणि मध्येच परत फिरणं अवघड. जोत्तोने १३३४ मध्ये सुरू केलेलं घंटाघर ४१४ पायऱ्यांचं, तिथे विसाव्याचे मजले आहेत आणि समोरून घुमट पूर्ण दिसतो, जो घुमटावर उभं राहून दिसत नाही. तेही झेपणार नसेल तर चर्चला वळसा घालून मागच्या चौकात जा. फरशीत एक गोल पांढरा संगमरवरी तुकडा बसवलेला आहे. १६०० मध्ये वीज पडून माथ्यावरचा, शिल्पकार वेरोक्क्योने केलेला तांब्याचा गोळा खाली कोसळला, त्या जागेची ती खूण. तिथून घुमट फार छान दिसतो.